गोजराबाईनं बांधलेलं गाठोडं

“मंग काय पागल हाय म्हणून लेहून देऊ त्याच्या सायबाले?” जगदेवनं अर्धं जेवलेलं ताट पुढं ढकललं. “तसं सरळ सांग ना. माह्या तोंडातून कायले वदवून घेतं?”

“पागल कोण म्हणते, मामाजी? म्या डॉक्टर म्हणलं.” वर्षाराणीनं तव्यावरची भाकर उलटली. सासऱ्याकडं पाठ होती, त्यामुळं बोलणं जरा सोपं जात होतं. “पलटणीचा मोठा दवाखाना असते. तिथं असे लय जवान येतात. एका बाईनं सांगतलं मले फोनवर.”

“त्या चॅनलवालीनं?”

“कोणी बी सांगो.”

“एकदा त्या दवाखान्याचा शिक्का कागदावर बसला का हातातली बंदूक काढून घेतात, कारकुनी देतात. हवालदारीत नाव निघालं त्याचं, माहीत हाय ना तुले? पंधरा ऑगस्टले गावानं सत्कार ठेवला. बॅनर छापून आलं. स्टँडवर लोक विचारतात, जगदेवभाऊ, पोरगा दिसत नाई. काय सांगू त्यायले? पिठाच्या डब्यात हात घालून बसला म्हणून सांगू?”

“हळू बोला,” जगदेवची बायको गोजराबाई म्हणाली. ती दोघांच्या मधे पाय पसरून उडदाच्या शेंगा सोलत होती. “तो अंगणात हाय.”

“ऐकू दे त्याले.”

“ऐकूनच राह्यला तो,” वर्षाराणी म्हणाली. “त्यायले पाचोळा पडलेला ऐकू येते.”

जगदेव उठला, हात धुतला, आणि टॉवेल खांद्यावर टाकून स्टँडकडं निघून गेला. मेडशीच्या स्टँडवर त्याला अलीकडं फार मान होता. तो मान घरात राहून घालवायची त्याची तयारी नव्हती.

पोराला, लखनला, फौजेतून सुट्टीवर येऊन पंचवीस दिवस झाले होते. साठ दिवसांची सुट्टी. नोकरीला पंधरा वर्षं भरली होती, पेन्शन बसली होती. त्यानं आता निघायचं की पुढं चार वर्षं चालू ठेवायचं, तो कागद महिनाअखेर पलटणीत पोचवायचा होता. कागद टीव्हीखालच्या कप्प्यात पडून होता. त्यावर सही सोडून सगळं भरलेलं होतं. जगदेवला वाटे, चालू ठेवावं. वर्षाराणीला वाटे, आधी डॉक्टर आणि मग घर. गोजराबाईला फक्त घर वाटत होतं. पंधरा वर्षांत तिनं पोराला सुट्ट्यांच्या तुकड्यातुकड्यांत पाहिलं होतं. आता तो सबंध हवा होता.

पण आलेला पोरगा सबंध नव्हता, हे तिला दुसऱ्याच दिवशी कळलं.

सकाळी सहा वाजता आणि संध्याकाळी सहा वाजता लखन घर तपासायचा. समोरच्या खोलीपासून सुरुवात. खाटांखाली, गाद्यांच्या घड्यांत, टीव्हीच्या मागं, सोयाबीनच्या पोत्यांच्या फटीत. मग न्हाणीतला बंब, सरपण, गोवऱ्यांची रास. वैष्णवीचं दप्तर तो उलटं करी आणि एकेक वही हलवून परत भरी. शेवटी स्वयंपाकघर. पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात. मग शेगडीच्या मागं, खाली वाकून, गाल फरशीला टेकवून. तिथं तो सगळ्यात जास्त वेळ थांबे. तपासून झालं की हात धुवून अंगणात बसे, आणि बारा तास त्याला बरं असे.

सहा वर्षांची वैष्णवी त्याच्या मागं मागं फिरायची. तिला तो खेळ वाटे. बापानं तिला शिकवलं होतं, मी ‘नीचे’ म्हणलं की पालथं पडायचं आणि कानांवर हात ठेवायचे. ती शाळेतून येताना मैत्रिणींनाही करून दाखवी.

गावाला यातलं काही माहीत नव्हतं. गावाजवळ व्हिडिओ होता.

तो व्हिडिओ मागच्या हिवाळ्यातला. सरहद्दीकडच्या कुठल्याशा लहान शहरात दोन दिवस गोळीबार चालला होता. एवढ्या अरुंद गल्ल्या, की समोरासमोरच्या खिडक्यांतून हात मिळवता यावा. लखनची तुकडी एकेक घर रिकामं करून तपासत पुढं जात होती. त्यांच्याबरोबर एका वाहिनीची रूपाली नावाची पोरगी होती, नागपूरकडची. अंगात जवानांसारखंच जड जाकीट घालून, त्यांच्याच डब्यातलं खाऊन ती दोन दिवस त्यांच्यामागं चालली होती. व्हिडिओ तिनं काढलेला. जेमतेम दीड मिनिटाचा. निळ्या दारातून लखन बाहेर येतो, हनुवटीखालचा पट्टा सैल करतो, आणि समोरच्या पायऱ्यांवर बसलेल्या एका म्हातारीला म्हणतो, “जाओ अम्मा, घर साफ है. चाय बना लो.” म्हातारी उठते आणि आत जाण्याआधी त्याच्या गालाला हात लावते. बस.

देशभर लोकांनी तो पाहिला. मेडशीत तर ज्याच्या त्याच्या मोबाईलमधे होता. बॅनरवर तोच फोटो होता, म्हातारीचा हात लखनच्या गालावर. गोजराबाईनं तो किती वेळा पाहिला याला गणती नव्हती. तिला मोबाईल नीट लावता येत नसे, ती नातीला लावायला सांगे. त्या हाताचा तिला थोडा हेवाही वाटे. पोराच्या गालाला असा हात आपण कधी लावला, हे तिला आठवत नव्हतं.

एकदा लखन आंघोळीला गेलेला असताना त्याचा फोन वाजला आणि तिनं उचलला. रूपाली होती. दर रविवारी तिचा फोन येई. दोघं फारसं बोलत नसत. लखन नुसता कानाला फोन लावून बसे.

“मावशी, एक सांगू? तो व्हिडिओ लखनभाऊंसमोर लावत जाऊ नका.”

“काहून वं? चांगला तं हाय. नाव झालं पोराचं. तुहं बी झालं असन.”

पलीकडून रूपाली म्हणाली, “मी नोकरी सोडली मावशी. घरीच असते. आई चहा ठेवते म्हणाली तरी मी उठून गच्चीवर जाते.”

गोजराबाईला त्यातलं काही कळलं नाही. शहरातल्या पोरी, एकेकीचं एकेक. तिनं “बरं, जप बाई” म्हणून फोन ठेवला आणि ते विसरून गेली.

तिचं निदान तिच्याजवळ तयार होतं. पोराला बाहेरचं लागलं होतं. परक्या गावात, मेलेल्या माणसांच्या घरात शिरला होता. तिथलं काहीतरी त्याच्या पाठीवर बसून मेडशीला आलं होतं.

ही गोजराबाई भोळीभाबडी होती असं नाही. जऊळक्याच्या स्टेशनाजवळ तिचं माहेर. बाप रेल्वेच्या रुळांवर कामाला. दिवसातून कितीदा तरी घर हादरायचं आणि मडक्यांची उतरंड खणखणायची. सतराव्या वर्षी ती मेडशीला आली. इथलं सामसूम घर तिला पहिले सहा महिने सहन झालं नव्हतं. सातवीपर्यंत शिकलेली, बचत गटाची पाच वर्षं अध्यक्ष. गल्लीत कोणाच्या लोणच्याला बुरशी आली, कोणाची गाय व्यायला अडली, की तिला बोलावणं. पोलिओचा डोस चुकवणाऱ्या बायांना तिनं हाताला धरून नेलं होतं. पण लखनच्या आधीची तिची दोन लेकरं गेली होती, एक सहाव्या दिवशी, एक सव्वा महिन्यानं. तिसरा लखन. त्यानंही दूध सोडलं. दवाखान्यात सलाईन लावलं, सुया टोचल्या, तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी सासूनं कोणाला न सांगता त्याच्या पाळण्याखाली उतारा बांधून ठेवला, आणि संध्याकाळी पोरानं दूध ओढलं. सलाईननं ओढलं की उताऱ्यानं, हा वाद जगदेव अजून घाली. गोजराबाई घालत नसे. ज्या बाईचं लेकरू संध्याकाळी दूध ओढतं, ती वाद घालत बसत नाही.

म्हणून त्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी ती मालेगावच्या बाजाराला म्हणून निघाली आणि डोंगराकडच्या एका जाणत्या बुवाकडं जाऊन आली. बुवानं फार विचारलं नाही. काळं फडकं. त्यात सात बिब्बे, सात लोखंडी खिळे, कोळसा, मीठ, मोहरी आणि एक लिंबू. घट्ट गाठ. गाठीपासून लाल दोरा न्यायचा तो खाटेच्या उशाकडच्या पायाला बांधायचा, म्हणजे अंगातलं दोऱ्यावरून खाली उतरतं. तीन दिवस. चौथ्या दिवशी पहाटे तिवाठ्यावर, तीन वाटा फुटतात तिथं, टाकून मागं न पाहता यायचं. आणि मधे कोणाजवळ बोलायचं नाही. बोललं तर ज्याच्या अंगातलं आहे त्याच्या अंगात दुप्पट होऊन परत जातं.

लखन सहाला तपासतो, हे तिला माहीत होतंच. मांजरापासून दूध राखणाऱ्या बाईनं ती वेळ बरोबर हेरली. सकाळची तपासणी झाली की सातला गाठोडं खाटेखाली. संध्याकाळी साडेपाचला काढून गोठ्यातल्या गव्हाणीत, कुटाराखाली. तो तपासून हात धुवायला गेला की परत खाटेखाली, आणि पहाटे तो उठायच्या आत पुन्हा गव्हाणीत.

पहिला दिवस निभावला. त्या दिवशी लखन दुपारी खाटेवर पडला आणि दीड तास झोपला. जेवताना त्यानं दुसरी भाकर मागितली. वैष्णवीनं आजोबाची नक्कल केली तेव्हा तो हसला, दात दिसले त्याचे.

“आज काय झालं वं यायले?” वर्षाराणी भांडी घासता घासता हळूच म्हणाली.

“काय होते? घरचं अन्न अंगी लागून राह्यलं,” गोजराबाई म्हणाली आणि तोंड फिरवून घेतलं. पोटातलं सुख तोंडावर दिसेल अशी तिला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता उदयसिंग आला. हा निवृत्त फौजी, पासष्टीचा, आता ग्रामपंचायतीत मेंबर. सत्काराची वेळ ठरवायची होती. हातात गुंडाळलेलं बॅनर.

“वहिनी, चहा ठेवा,” त्यानं दारातूनच सांगितलं.

“नुसता चहा कायले? पोहे कर,” जगदेव म्हणाला. त्याच्या आवाजात स्टँडवरचा रुबाब आला होता.

वर्षाराणी वैष्णवीला आणायला शाळेत गेली होती. गोजराबाईनं कांदा चिरायला घेतला. डोळा घड्याळावर. सव्वापाच. पोहे भिजवले. पाच पंचवीस. आता पाच मिनिटांत गाठोडं काढायला जायचं, तेवढ्यात जगदेव आत आला.

“शेंगदाणे टाकजो. अन् त्या कपबशा काढ, नव्या.”

कपबशा वरच्या फळीवर होत्या. स्टुलावर चढून तिनं त्या काढल्या, धुतल्या. बाहेर उदयसिंगनं बॅनर उलगडल्याचा फडफड आवाज आला.

“पाह्य बेटा. कसं आलं?”

लखननं काय उत्तर दिलं ते तिला ऐकू आलं नाही. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. आणि लखनची पावलं आत, मागोमाग दुसऱ्या दोघांची. बाहेर बसवेना की सहाच्या आधीही तो घर तपासायला उठे, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. त्या क्षणी ते फक्त गोजराबाईला आठवलं.

ती कढई सोडून वळेपर्यंत समोरच्या खोलीतले सगळे आवाज थांबले होते.

मग लखनचा आवाज आला, तो मोठा नव्हता. “बाबा, हलू नका. काका, तुमी मागच्या मागं बाहेर निघा. दोरा हाय.”

“कायचा दोरा?” जगदेव.

“बाहेर. सब बाहर. अब्बी.”

त्यानंतरची वीस मिनिटं गोजराबाईला पाहावी लागली नसती तर बरं झालं असतं. उदयसिंग जुना माणूस, तो खरोखर मागच्या मागं निघाला. जगदेव निघेना. “लोकात काय तमाशा लावला” म्हणून तो खाटेकडं वाकायला लागला. लखननं त्याला कमरेत धरून उचललं आणि दाराबाहेर लोटलं. जगदेव ओट्यावरून खाली आला तो हातावर. मनगटाचा आवाज स्वयंपाकघरात आला.

मग लखन गल्लीत धावला. नऊ घरं. एकेक दार तो हातानं, पायानं वाजवत गेला. “निकलो, घर सोडा, तसंच निघा.” माणसं निघाली. फौजी माणूस सांगतो, व्हिडिओतला माणूस सांगतो, कोण विचारत बसणार. शेजारची बारा दिवसांची बाळंतीण डोक्याला फडकं न बांधता, लेकरू छातीशी धरून चिखलातून अनवाणी शाळेकडं पळाली. कोणाची तरी शेळी दावं तोडून मधे आडवी आली. गल्लीच्या तोंडाशी वर्षाराणी आणि वैष्णवी येत होत्या. लखन ओरडला, “नीचे,” आणि पोरगी दप्तरासकट चिखलात पालथी पडली, कानांवर हात. तशीच पडून राहिली. आईनं उचलायला पाहिलं तरी हात काढीना.

गोजराबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे सगळं पाहत होती. तिला माहीत होतं ते काय आहे. साऱ्या गल्लीत तिला एकटीला माहीत होतं. तोंड उघडायचं, दोन शब्द. पण बोललं तर दुप्पट होऊन परत त्याच्याच अंगात जातं. आज दुसरा दिवस. उद्याचा एक दिवस निभावला असता तर. काल त्यानं दुसरी भाकर मागितली होती. ती जीभ दाताखाली धरून उभी राहिली. तिला वाटलं, थोडा वेळ धावेल, थकेल, मग मी हळूच काढून घेईन.

कढईतले पोहे करपायला लागले.

लखन परत आत आला तो तिच्यासाठी. तिनं त्याचं तोंड पाहिलं. त्यात राग नव्हता. दूध सोडलेल्या लेकराचं असतं तसं ते तोंड होतं, सगळं आतल्या आत ओढून घेतलेलं.

“आई, शेगडी सोड. चाल.”

“पोहे...”

“शेगडी सोड,” तो म्हणाला, आणि तिच्या हातातलं उलथनं काढून घेतलं. तिला खांद्यावर टाकून तो बाहेर निघाला. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पाय लोंबकळत, साऱ्या गल्लीदेखत. ओट्याखाली जगदेव मनगट पोटाशी धरून बसला होता. तिला शाळेच्या भिंतीजवळ उतरवून लखन वर्षाराणीला म्हणाला, “पोरीले घेऊन भिंतीच्या मागं बस. म्या आलो नाई तं उदयकाका सांगतील तसं कर.” हे त्यानं फार नीट, समजावून सांगितलं. आणि लांब वेळू शोधायला तो गोठ्याकडं गेला.

तो परत घरात जाणार होता. एकटा, त्याच्या लेखी बॉम्बला बांधलेला तो दोरा कापायला. मरायची तयारी करून.

“लखन,” गोजराबाई त्याच्या मागं गेली. “ते म्या ठेवलं रे.”

“आई, मागं जाय.”

“म्या ठेवलं. बुवाजोळून आणलं. त्यात काही नाई.”

“तुले नाई माहीत,” तो म्हणाला. तिच्याकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. “असंच वाटते, काही नाई म्हणून. तुले नाई माहीत आई.”

तिनं आणखी दोनदा सांगितलं. ते शब्द त्याच्यापर्यंत पोचतच नव्हते. तो वेळूला विळा बांधत होता, तेवढ्यात ती घरात शिरली. खाटेपाशी खाली बसली, दोऱ्याला हिसका दिला आणि गाठोडं ओढून मांडीत घेतलं. गाठ सुटेना. तिनं दातांनी सोडवली.

दारातून लखन आला तो सरळ तिच्या अंगावर. तिचा खांदा जात्याच्या पाळीवर आपटला. त्यानं तिचं डोकं छातीखाली घेतलं, दोन्ही हातांनी झाकलं, आणि सारा भार तिच्यावर टाकून पडून राहिला. तो वाट पाहत होता. त्याचं काळीज तिच्या कानाशी धडधडत होतं, जऊळक्याच्या घरात गाडी येताना धडधडे तसं. तिला श्वास घेता येत नव्हता.

“लिंबू हाय रे,” ती त्याच्या छातीत म्हणाली. “लिंबू अन् खिळे.”

किती वेळ गेला कोण जाणे. मग भार हळूहळू हलका झाला. लखन उठून बसला. फरशीवर बिब्बे पांगले होते, कोळशाचा चुरा, मोहरी. त्यानं खिळे वेचले. एकापुढं एक ओळीनं लावले. सात. बराच वेळ तो त्या ओळीकडं पाहत होता.

“दोरा कोणी बांधला?”

“म्या.”

“कायले?”

“तू घरी राहावा म्हणून,” गोजराबाई म्हणाली.

तो उठला, स्वयंपाकघरात गेला आणि गॅस बंद केला.

जगदेवच्या हाताला मालेगावात प्लास्टर पडलं. गल्ली आपापल्या घरात गेली, पण गेली ती बोलत. बाळंतिणीची सासू सकाळीच दारात आली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, “गोजराबाई, तुह्या पोराची बाधा तुह्या घरात बांध. आमच्या ओल्या बाळंतिणीले कायले चिखलात पळवतं?” गोजराबाईनं ऐकून घेतलं. खांदा वर होत नव्हता. घरातलं कोणी तिला काही म्हणालं नाही, तेच तिला जड जात होतं. एकदा जगदेवनं विचारलं, “कोणाले विचारून गेली होती?” आणि उत्तराची वाट न पाहता भिंतीकडं तोंड केलं. वर्षाराणीनं फरशीवरची मोहरी झाडून घेतली. रात्री ती वैष्णवीला घेऊन आतल्या खोलीत निजली होती आणि आतून कडी लावली होती. लखननं ते पाहिलं होतं.

नऊच्या सुमारास जगदेवच म्हणाला, “सूनबाई, त्या बाईले फोन लाव. कोणता दवाखाना म्हणे ते विचार. लेहून देऊ काय लेहायचं ते. जाऊ दे हवालदारी.”

काल हे ऐकायला वर्षाराणीनं काय नसतं दिलं. आज ती नुसती चहाचा कप घेऊन उभी राहिली आणि लखनकडं पाहत राहिली. लखन खाली बसून पायात मोजे घालत होता. तो मान खाली घालूनच बोलायला लागला.

“ती अम्मा अकरा मिनिटांनी मेली,” तो म्हणाला.

कोणाला लगेच कळलं नाही.

“व्हिडिओतली. शेगडीच्या मागं बॉम्ब ठेवून गेले होते ते लोक. म्या सारं घर पाह्यलं, तेवढं नाई पाह्यलं. गल्लीत लय घरं बाकी होती, घाई होती. म्या म्हणलं घर साफ है, चाय बना लो. ती चहा ठेवाले गेली. रूपाली बाहेर पायरीवर बसून चॅनलले व्हिडिओ पाठवून राह्यली होती, तवाच आवाज झाला. तिनं परत फोन करून सांगतलं तिकडं, दाखवू नका. तवर लोकायचं पाहून झालं होतं.”

गोजराबाईनं पदर तोंडाला लावला. तिनं तो हात अगणित वेळा पाहिला होता, रोज, जेवण झाल्यावर, नातीला लावायला सांगून. लखन अंगणात बसून तो आवाज ऐकत असे. ज्याला पाचोळा पडलेला ऐकू येतो, त्याला आपलं ते वाक्य रोज ऐकू येत होतं, घर साफ है.

“बेटा,” जगदेव म्हणाला. “दवाखान्यात जाऊ. म्या येतो संग.”

“नाई.”

“आता कोणी नाई तुले काही म्हणत.”

“तुमी म्हणत नाई, ते माहीत हाय मले.” लखननं दुसरा मोजा चढवला. “काल बाबाचा हात म्या मोडला. पोरगी माह्याजोळ आली नाई सकाळपासून. वर्षानं कडी लावली, बरं केलं. म्या घरात असलो का तुमच्यातलं कोणी ना कोणी काही तरी ठेवन माह्यासाठी. प्रसाद ठेवन, अंगारा ठेवन, भाकर झाकून ठेवन. अन् म्या त्याच्यावर पडन. तिथं तसं नाई. तिथं जे काही ठेवलं असते ते ठेवणारा माहा कोणी नसते. तेवढ्यावर मले नोकरी करता येते.”

तो उठला. टीव्हीखालच्या कप्प्यातून त्यानं कागद काढला, त्यावर उभ्याउभ्याच सही केली आणि घडी करून खिशात घातला. गोजराबाई त्याच्याकडं पाहत होती. काल जो शब्द वेळेवर काढला नाही, त्याच्यानंतर दुसरा कुठला शब्द काढायचा तिला हक्क उरला आहे असं तिला वाटेना.

“पुढची चार वर्षं भरून देली,” लखन म्हणाला. “सकाळीच फोन करून सुट्टी कापून घेतली. परवा सकाळच्या गाडीनं निघून राह्यलो. स्टेशनावर कोणी यायचं नाई.”